कोहळ्यावरचा घाव

चुलीमागचं लाकूड ओढताना माझ्या हाताला सळई लागली. मी ती उचलली आणि दारातल्या उजेडाकडे धरली. टोकाला ना काजळी होती, ना जळलेल्या कागदाचा वास. सळई अगदी स्वच्छ होती.

मी तशीच मटकन खाली बसले.

“काय गं, विंचू चावला काय?” आत्याबाई ओट्यावरून ओरडल्या. या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. घरात सासू नव्हती, पण तिची उणीव आत्याबाईंनी कधी भासू दिली नाही.

“काही नाय,” मी म्हणाले.

“मग नैवेद्याचं बघ. देवी वेशीतून निघाली. संबळ ऐकू येत नाय होय?”

येत होता. म्हणून तर मी घाबरले होते.

त्या दिवशी आमच्या करंजपाड्याच्या बोहाड्याची शेवटची सकाळ होती. बोहाडा म्हणजे आमच्या जगदंबेचा उत्सव. जव्हारच्या बाजूला असे उत्सव गावोगाव होतात. प्रत्येक घराण्याचं एकेक सोंग ठरलेलं. कुणाकडे गणपती, कुणाकडे नरसिंह, कुणाकडे वेताळ. ज्याचं सोंग त्यानं मुखवटा बांधायचा आणि संबळाच्या तालावर नाचत गावातून देवळापर्यंत जायचं. आमच्या घराण्याकडे खुद्द देवी होती. शेवटच्या दिवशी सूर्य उगवता उगवता ती दोन हातांत दोन तलवारी घेऊन वेशीतून निघे, घरोघर ओवाळून घेई आणि देवळाच्या अंगणात महिषासुराला मारून पायऱ्या चढे. मुखवटा एकदा डोक्यावर चढला की पायऱ्या चढेपर्यंत उतरायचा नाही. तोवर त्यातला माणूस माणूस नसतो. तो बोलत नाही आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

देवी होत माझे सासरे, धर्माजी. मी त्यांना मामा म्हणत असे. महिषासुर होत माझे यजमान. आणि मारणं म्हणजे काय, तर महिषासुरानं गुडघे टेकून एक मोठा कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि देवीनं खऱ्या तलवारीच्या एका घावात त्याची दोन शकलं करायची. कोहळा आणि डोकं यांच्यात वीतभर अंतर.

आता सळईचं सांगते. देवीचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा. दरवर्षी बोहाड्याआधी त्याच्यावर चिंचोक्याच्या खळीनं कागदाचे नवे थर द्यायचे, वाळवायचे, मग रंगाऱ्याकडून रंगवून घ्यायचं. मुखवट्याचे मोठे डोळे नुसते रंगवलेले असत. आतल्या माणसाला बघायला त्या डोळ्यांखाली, काजळाच्या रेघेत लपतील अशा, भाताच्या दाण्याएवढ्या दोन फटी असत. नवे थर दिले की त्या बुजत. म्हणून वाळल्यावर तापलेली सळई आतून घालून त्या पुन्हा उघडायच्या. हे काम मामा स्वतः करायचे, पण त्या वर्षी म्हणाले, “सुनबाई, आता तू कर. माझ्या बोटांना खळ सोसत नाय.” मला केवढा आनंद झाला होता! लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि घरानं पहिल्यांदाच मला चुलीपलीकडचं काम दिलं होतं.

थर मी छान दिले. सळईही चुलीत घालायला काढून ठेवली होती. तेवढ्यात रंगारी एक दिवस आधीच दारात येऊन उभा राहिला. “दुपारच्या गाडीनं परत जायचंय, द्या लवकर,” म्हणाला. मी सळई चुलीमागे टाकली आणि मुखवटा तसाच बाहेर नेऊन दिला. त्याला वाटलं, फटी घरचे मागाहून पाडतील. मला पुढे त्याच्या चहापाण्याच्या धांदलीत आठवलंच नाही. त्यानं काजळाची रेघ बुजलेल्या फटींवरून सुंदर ओढून दिली.

म्हणजे आता मामा आंधळे होऊन, दोन तलवारी परजत, माझ्या नवऱ्याच्या डोक्याकडे निघाले होते.

ओवाळायचं ताट आत्याबाईंच्या पुढ्यात तयार होतं. हळद, कुंकू, तांदूळ, निरांजन. आमचं घर देवळाच्या अलीकडचं शेवटचं. देवी इथे येईपर्यंत थांबले असते तर मग काहीच हातात उरलं नसतं. मुखवट्याशी बोलायची मुभा कुणालाच नव्हती, पण ओवाळणारी बाई देवीच्या अगदी जवळ जाते, तोंडाशी तोंड येतं.

“आत्याबाई, आज मी ओवाळू?”

“का? माझे हात झडले?”

“नाय, मला वाटलं...”

“तुला वाटून काय करायचंय? तीस वर्षं मी ओवाळते. तू भाकरीकडे बघ.”

मी ताट उचललं आणि पळाले.

“अगं ए अनशे! अगं बया, ताट घेऊन पळाली! धरा गं तिला!” आत्याबाईंचा आवाज माझ्या मागे येत होता. त्यांच्या गुडघ्यांत दम नव्हता म्हणून बरं.

देवी पाटलाच्या घरापाशी आली होती. गर्दी दोन्ही बाजूंना दाटलेली. पुढे गोमाकाका संबळ वाजवत उलट्या पावलांनी चालत होता, तोंड देवीकडे करून. हा मामांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याच्यामागे सनईवाला. आणि मग देवी. हिरवं लुगडं, पिवळाधमक मुखवटा, त्यावर कोवळं ऊन पडलेलं. तलवारी अशा फिरत होत्या की वाऱ्याला आवाज येत होता. एक पाऊल चुकीचं पडत नव्हतं. क्षणभर मला वाटलं, फटी उघड्याच असतील, माझाच काहीतरी घोळ होतोय. मग मी जवळ गेले आणि काजळाची रेघ नीट बघितली. रेघ सलग होती. दाण्याएवढंही छिद्र नव्हतं.

मी निरांजन ओवाळलं. कुंकू लावायला पुढे वाकले आणि मुखवट्याच्या कानाशी कुजबुजले, “मामा, मी अनुसया. चूक झाली माझी. फटी पाडल्याच नाहीत. तुम्हाला दिसत नाय, मला ठाऊक आहे. कोहळा कापू नका. पाया पडते, कापू नका.”

देवी बोलत नाही. पण मुखवटा हलायला लागला. आधी थोडा, मग खांदेसुद्धा गदगदायला लागले. पाठीमागच्या बाया घाबरून हात जोडायला लागल्या. “कोपली, कोपली,” कुणीतरी म्हणालं. मला वाटलं, मामा संतापानं थरथरताहेत. त्यांनी तलवारीचं पातं आडवं करून माझ्या डोक्यावर टेकवलं, हलकेच, आणि पुढे निघून गेले.

मी गोमाकाकाच्या बाजूनं पळत सुटले.

“काका, थांबवा. मामांना दिसत नाय.”

“बाजूला हो.”

“अहो खरंच दिसत नाय! फटी बुजल्यात!”

“पोरी, ताट सांभाळ आणि गप राहा,” गोमाकाका वाजवणं न थांबवता म्हणाला. “माझा ताल चुकवशील तर मात्र आज खरंच कुणीतरी मरेल.”

मला वाटलं, याला कैफ चढलाय, माझं ऐकूच गेलं नाही.

देवळाच्या अंगणात महिषासुर तयार उभा होता. रेड्याचा काळा मुखवटा, लाकडी शिंगं, गळ्यात घंटा. दोघांनी कमरेला दोर बांधून त्याला आवरून धरल्यासारखं केलं होतं. त्या मुखवट्याच्या आत माझा नवरा होता, आणि ठाऊक नसतं तरी मी त्याला पायांवरून ओळखलं असतं. त्याच्याकडे जायची सोय नव्हती. देवी आणि महिषासुर यांच्यामध्ये त्या वेळी कुणी येत नाही. आलं तर बोहाडा मोडतो. बोहाडा मोडला तर गावावर काय काय येतं ते गावातल्या थोरल्या बायांनी मला दोन वर्षांत पुरेसं सांगितलं होतं. एका वर्षी मोडला होता म्हणे, आणि त्या साली पटकीनं नऊ माणसं गेली.

युद्ध सुरू झालं. गोलात दोघं फिरले. रेडा डोकं झुकवून धावून जाई, देवी बाजूला होई. घंटा वाजे, संबळ चढे. मी बघत होते आणि मला काही केल्या समजत नव्हतं की हा माणूस न बघता हे करतोय कसा. मग रेडा दमल्यासारखा झाला. गुडघ्यांवर आला. एकानं कोहळा पुढे केला, त्यानं तो डोक्यावर धरला. घंटा थांबली.

मी ठरवलं, ओरडायचं. बोहाडा मोडला तर मोडू दे. गावानं मला वाळीत टाकलं तर टाकू दे, आत्याबाईंनी माहेरी धाडलं तर धाडू दे. कुंकू माझं आहे. मी तोंड उघडलं.

आणि देवीनं तलवार पुढे केली. पातं हळूच कोहळ्यावर टेकलं. अगदी मधोमध. उचललं, पुन्हा टेकलं. तिसऱ्यांदा टेकलं. मग चौथ्या वेळी तलवार आभाळात गेली आणि खाली आली. कोहळ्याची दोन शकलं दोन बाजूंना पडली. रेडा जिवंतपणी मरून आडवा झाला आणि हळूच त्यानं पाय खाजवला. म्हणजे माझा नवराच तो.

मी होते तिथेच बसले आणि मोठमोठ्यानं रडायला लागले. रडता रडता हसायला लागले. अंग असं हलत होतं की आवरेना. ताट कुठे, निरांजन कुठे, पदर कुठे, कशाचं भान नाही.

“आली! अंगात आली!” कुणीतरी ओरडलं.

“धर्माजीच्या सुनेच्या अंगात देवी आली!”

मी म्हणायचा प्रयत्न केला, “नाय हो, नाय,” पण हुंदक्यांतून शब्द फुटेना. बायांनी मला हळद लावली, कुंकवाचा मळवट भरला. एकीनं पोर माझ्या मांडीवर आणून टाकलं. आणि मग गर्दी बाजूला करत, धापा टाकत, काठी टेकत आत्याबाई आल्या. माझ्याकडे बघितलं. काठी टाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

“आई, चुकले गं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं पोरगी ताट पळवते. मला काय ठाऊक तू बोलावतेस!”

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर त्यांनी मला कधी अनशे म्हणून हाक मारली नाही. मरेपर्यंत अनुसयाबाई म्हणाल्या.

देवळाच्या मागे चिंचेखाली मुखवटा उतरवायची जागा. तिथे घरच्यांनाच जाता येतं. बायांच्या तावडीतून सुटून मी तिथे पोचले तेव्हा गोमाकाका मामांच्या डोक्याचं कापड सोडत होता. माझे यजमान नदीवर अंग धुवायला गेले होते. मुखवटा निघाला. आत मामांचा चेहरा घामानं निथळत होता, लालबुंद झाला होता, आणि ते हसत होते. हसून हसून त्यांना ठसका लागला.

“हसता काय मामा? माझा जीव गेला होता!”

“आणि माझा मुखवटा पडला असता! अगं, देवीला ओवाळतेस आणि कानात सांगतेस काय, तर फटी बुजल्या! तोंडातलं कापड चावून धरलं म्हणून, नाहीतर जगदंबा भर गावात खिदळली असती.”

“म्हणजे तुम्हाला दिसत होतं?”

मामांनी घाम पुसला. गोमाकाकानं संबळ खाली ठेवला.

“सांग आता, धर्मा,” तो म्हणाला. “आज पोरगी अर्धी झाली.”

“नव्हतं दिसत,” मामा म्हणाले. “गेल्या बोहाड्यालाही नव्हतं. त्याच्या आदल्यालाही नाय. मोतीबिंदू पडून तीन वर्षं झाली. दार कुठं आणि भिंत कुठं एवढं कळतं, बाकी सगळं ताकासारखं. तू फटी पाडल्या असत्यास तरी मला काय फरक पडला असता? आत काळोखाऐवजी ताक, एवढंच.”

मला एकेक आठवायला लागलं. अंगणात घागर राहिली की घर डोक्यावर घेणारे मामा. ताट पुढे आलं की आधी वास घेणारे मामा. मला ते सगळं सासरेपण वाटलं होतं.

“मग नाचता कसे?”

“हा वाजवतो ना.” त्यांनी गोमाकाकाकडे हात केला, आणि तो किंचित चुकीच्या दिशेला गेला. “हा माझ्यापुढं उलटा चालतो. डाव्या अंगाला खड्डा असला की डावा संबळ दाबून वाजवतो. रेडा कुठं ते घंटेवरून. पावलं तर काय, चाळीस वर्षांची आहेत.”

“आणि कोहळा?”

“तो खरं तर आधी हातानं शोधायला हवा. पण देवी हात कसा लावणार? म्हणून तलवार टेकवून शोधतो. तीनदा टेकवली की मधली जागा कळते.”

“लोकांना वाटतं ते देवीचं काहीतरी आहे,” गोमाकाका म्हणाला. “गेल्या साली भटजीनं त्याचा अर्थसुद्धा सांगितला. स्वर्ग, पृथ्वी, पाताळ म्हणे.”

दोघं म्हातारे पुन्हा हसायला लागले. मला मात्र हसू येईना.

“त्या कोहळ्याखाली माझा नवरा असतो,” मी म्हणाले. “तुमचा मुलगा असतो. त्यांना सांगितलंत?”

“वेडी आहेस? त्याला कळलं तर त्याचे हात थरथरतील. हात थरथरले की कोहळा हलणार. कोहळा हलला की...”

“गावाला सांगायचं मग! सोडून द्यायची देवी!”

“हळू बोल गं,” गोमाकाका घाबरून म्हणाला. “आख्ख्या देवळाला ऐकू जाईल.”

मामा मुखवट्यावरून हात फिरवत बसले. माझ्या थरांवरून त्यांची बोटं फिरत होती.

“देवी घेणारा अंगानं धड लागतो, सुनबाई. डोळा गेला, हात गेला, की सोंग सोडायचं असा आमचा नेम आहे. सोडलं की मी काय उरतो? वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मी ठेचकाळणारा म्हातारा. एक दिवस मात्र एक ठेच लागत नाय मला.”

मला त्यांची दया आली. अजून आठवलं तरी येते. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि नुकतीच विधवा होता होता राहिले होते.

“मी कुणाला सांगणार नाय,” मी म्हणाले. “पण थंडीत तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागतं, तिथे तुम्ही माझ्याबरोबर यायचं. नाही आलात तर पुढच्या बोहाड्याला मी वेशीत उभी राहून ओरडेन. आज तोंड उघडलंच होतं. आणि आता तर गाव माझं ऐकेल. माझ्या अंगात येतं.”

गोमाकाकानं कपाळावर हात मारून घेतला. “धर्मा, ही खरंच देवी आहे रे बाबा.”

मामांनी खूप टाळाटाळ केली. दसऱ्याला म्हणाले, डॉक्टर डोळा बाहेर काढून पाटावर ठेवतात. दिवाळीला म्हणाले, गोमा सोबत येत असेल तरच. गोमाकाका येतो म्हणाला, तेव्हा म्हणाले, हा आला तर शेळ्या कोण बघेल. शेवटी मार्गशीर्षात आम्ही तिघं एसटीनं निघालो. जाण्याच्या आदल्या दिवशी मामांनी चावडीवर चार माणसांत सांगितलं, “आता वय झालं. पुढच्या बोहाड्यापासून देवी पोरानं घ्यावी.” खरं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही आजवर कुठे बोलले नाही. ते गेले, गोमाकाका गेला, माझे यजमान गेले. आता सांगितलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

शाळेच्या खोल्यांत शिबिर होतं. बाकं बाजूला सारून खाली सतरंज्या घातलेल्या. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली चाळीस-पन्नास माणसं ओळीनं उताणी पडलेली. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, असं सांगितलेलं. सात दिवस मी मामांना चमच्यानं पेज भरवली. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. फक्त कधी कधी त्यांची बोटं सतरंजीवर हलताना दिसत, आणि मला कळे की ते पावलं मोजताहेत.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि जाड भिंगांचा एक चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

“बाबा, किती बोटं?”

“तीन. आणि एकाचं नख वाढलंय.”

डॉक्टर हसले आणि पुढच्या माणसाकडे गेले. मामा भिंतीला टेकून बसले. खिडकी बघितली, फळ्यावरचं पुसट गणित बघितलं, कोपऱ्यात पेंगणारा गोमाकाका बघितला आणि “म्हातारा झाला की हा!” म्हणाले. मग इकडेतिकडे मान वळवायला लागले.

“अनुसया कुठाय?”

“ही काय मामा, तुमच्यासमोर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी त्या घरात येऊन अडीच वर्षं झाली होती आणि त्यांचे डोळे जाऊन साडेतीन.

“पदर जरा मागं घे,” ते म्हणाले.

सासऱ्यासमोर पदर मागे घ्यायची आमच्यात रीत नव्हती. पण मी घेतला. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे मोठे मोठे दिसत होते, ओले होते. त्यांनी सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत मला बघून घेतलं.

“एवढीशी आहेस होय?” ते म्हणाले. “आवाजावरून मी चांगली धिप्पाड समजत होतो.”